ज्याचा प्रश्न, त्यानंच विचारावा

फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीसंस्थेनं देशभरातल्या विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, एक सूचनापत्र धाडलं. बेने इस्राएल या भारतातून आलेल्या ज्यू समाजातल्या मुलाला किंवा मुलीला समाजाबाहेरच्या ज्यू व्यक्तीशी लग्न करायचं असेल, तर आधी चौकशी करावी, असा त्याचा मथितार्थ. आई ज्यू होती का? आईची आई? तिची आई? जमेल तितकं मागं जायचं. घराण्यात कुणाचं निषिद्ध नात्यात लग्न झालं होतं का, घटस्फोटित बाईनं धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटपत्र न घेता दुसरं लग्न केलं होतं का, हेही तपासायचं. शंका उरली तर प्रकरण रब्बींच्या न्यायालयाकडे जाणार.

ही चौकशी ज्यांच्यावर आली ते कोण होते? पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा, पनवेल या पट्ट्यातून मुंबईत आलेले आणि मुंबईतून बीरशेबा, दिमोना, अश्दोदला गेलेले लोक. गिरणीत, रेल्वेत, पोस्टात, गोदीत, लष्करात नोकऱ्या केलेली माणसं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. घरात मराठी बोलणारे, मराठीतून हग्गादा, म्हणजे पेसाख सणाची पोथी, वाचणारे. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, आष्टमकर, राजपूरकर, केहीमकर. आडनावावरून गाव कळतं आणि गावावरून बापाचं घराणं सापडतं. पण रब्बीसंस्था विचारत होती आईकडचं, कारण ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मूल ज्यू ठरतं ते आईवरून. कोकणात बाई लग्न करून गेली की तिचं आडनाव बदलायचं, बहुतेक घरांत नावही बदलायचं. पणजीचं माहेरचं नाव विचारलं तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बेने इस्राएलांनाही आलं नाही. त्या समाजाच्या स्मृतीत जे साठलेलं नव्हतं, नेमकं तेच त्यांच्याकडे मागितलं गेलं.

मला या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट सूचनापत्राची भाषा नाही. ‘बेने इस्राएलांशी लग्न करावं का’ हा प्रश्न बेने इस्राएलांनी विचारलेलाच नव्हता, ही आहे. तो त्यांच्याबद्दल विचारला गेला. विचारणारे दुसरे, उत्तर देणारे तिसरे, आणि परिणाम भोगायला हे. ज्यू परंपरेत अवघड प्रश्नावर मार्गदर्शन घेण्याची जी पद्धत आहे, ती मला माणसांनी घडवलेल्या फार थोड्या सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटते. ती कुठं बिघडते याचं उत्तर मला या एका गोष्टीत दिसतं. ज्याचा प्रश्न आहे तो विचारणारा नसेल आणि समोरही नसेल, तर कितीही विद्वान माणसाचं उत्तर अन्यायाकडे झुकतं.

मी या समाजाचा नाही. हालाखा, म्हणजे ज्यू धर्माचा आचारविधी, त्यात काय बसतं आणि काय नाही हे ठरवणं माझं काम नव्हे. पण प्रश्न कुणी विचारायचा आणि कुणाच्या समोर, हा सार्वजनिक प्रश्न आहे. आणि ही माणसं आपली आहेत, आपल्या भाषेची आहेत.

ती पद्धत आधी नीट पाहायला हवी. हजार-बाराशे वर्षांपूर्वीपासून स्पेन, इजिप्त, येमेन, जर्मनी असे विखुरलेले ज्यू आपले प्रश्न बगदाद, कैरो, तोलेदोच्या पंडितांना पत्रानं पाठवत. उत्तर लेखी यायचं आणि त्यासोबत कारणं यायची. तल्मूद या धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथाचा आधार कोणता, पूर्वी कुणी काय निर्णय दिला, विरुद्ध मत काय आहे, ते का मान्य नाही. प्रश्न आणि उत्तर दोन्ही जपून ठेवली जात. म्हणून आज त्या पत्रांतून व्यापारी भागीदारीचे वाद कळतात, नवरा समुद्रात बुडाला की जिवंत आहे हे न कळल्यामुळे अडकून पडलेल्या बायका दिसतात, दत्तक मुलं, गहाण जमिनी, दुष्काळात गहाळ झालेले दागिनेही दिसतात. त्यात कुठंही केवळ हुकूम नसतो. तल्मूदमध्ये हिल्लेल आणि शम्माय यांच्या दोन पीठांचा तीन वर्षं चाललेला वाद आहे. शेवटी आकाशवाणी होते की दोन्ही मतं जिवंत ईश्वराचीच वचनं आहेत, पण आचार हिल्लेलच्या पीठाप्रमाणे. का? तर ते सौम्य होते, स्वतःच्या मताबरोबर विरोधकांचं मत शिकवत, आणि तेही आपल्या आधी मांडत. ज्या परंपरेत निर्णयाचा अधिकार असा ऐकण्यावर ठरतो, तिच्याकडून १९६२ ची अपेक्षा नव्हती.

मैमोनिदेसचं एक पत्र मी पुन्हापुन्हा वाचतो. बाराव्या शतकात कैरोजवळच्या फुस्तातमध्ये राहणारा हा वैद्य आणि धर्मशास्त्री. त्याला ओबद्या नावाच्या माणसानं विचारलं: मी धर्मांतर करून ज्यू झालो आहे. प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे शब्द येतात. माझे पूर्वज तर अब्राहाम, इसहाक, याकोब नव्हेत. मी ते म्हणू का? मैमोनिदेसनं लिहिलं की सगळं जसंच्या तसं म्हण, एक अक्षर बदलू नकोस. अब्राहामानं ज्यांना ज्यांना मार्ग दाखवला ती सगळी त्याचीच लेकरं. आणि स्वतःची कुळी हलकी समजू नकोस, आमची कुळी अब्राहामापाशी जाते, तुझी तर ज्याच्या शब्दानं जग झालं त्याच्यापाशी. याच ओबद्याला त्याच्या गुरूनं एका वादात मूर्ख म्हटलं होतं. मैमोनिदेसनं त्यावरही ओबद्याला लिहून टाकलं की चूक गुरूची आहे आणि त्यानं तुझी क्षमा मागावी.

हे उत्तर एवढं मायेचं का झालं? मैमोनिदेस स्वभावानं मवाळ नव्हता. त्याची लेखणी फार धारदार होती. हे उत्तर असं उतरलं कारण प्रश्न ओबद्यानं स्वतः विचारला होता, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या दुखण्यासह. कुणी तिसऱ्यानं ‘धर्मांतरितांना ही प्रार्थना म्हणू द्यावी का?’ असं विचारलं असतं, तर कदाचित दोन ओळींचं कोरडं उत्तर गेलं असतं. याच मैमोनिदेसनं फ्रान्समधल्या ल्युनेल गावच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात भारतातल्या ज्यूंचा ओझरता उल्लेख केला आहे. त्यांना तोरा हा मूळ धर्मग्रंथ ठाऊक नाही, शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिवस) आणि सुंता एवढंच ते पाळतात. तो हे कुणाकडून तरी ऐकून लिहितो आहे. त्या भारतीयांपैकी कुणी त्याला कधी पत्र लिहिलं असतं, तर त्यांनाही ओबद्यासारखं उत्तर मिळालं असतं, अशी मला खात्री आहे.

दूरच्या पंडिताला विचारणारा माणूस प्रामाणिक नसेल तर काय होतं, याचं उदाहरण कोचीनमध्ये आहे. तिथल्या परदेशी, म्हणजे मागाहून बाहेरून येऊन राहिलेल्या, ज्यूंनी सोळाव्या शतकात कैरोच्या रब्बी दाविद इब्न झिम्रा यांना विचारलं की इथले काही ज्यू श्रीमंत आहेत, धर्म पाळतात, पण आम्ही त्यांना दासांचे वंशज समजतो, तर त्यांच्याशी लग्न करावं का? उत्तर आलं की त्यांनी विधिपूर्वक स्नान केलं की ते पूर्ण ज्यू, लग्नाला काहीही हरकत नाही, आणि त्यांना दास म्हणणं चूक. विचारणाऱ्यांना हे उत्तर नको होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि पुढची चारशे वर्षं त्या लोकांना सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, जमिनीवर किंवा बाहेरच्या खोलीत बसवलं. विसाव्या शतकात ए. बी. सालेम या वकिलानं त्याच परदेशी सिनेगॉगमध्ये सत्याग्रह करून तो भेद मोडायला सुरुवात केली. मध्ये चार शतकं न्याय्य उत्तर हातात असून उपयोग शून्य, कारण पत्र ज्यांच्या हातात होतं त्यांचा तो प्रश्नच नव्हता. ज्यांचा होता त्यांना ते पत्र कदाचित वाचायलाही मिळालं नसेल.

मुंबईतही एकोणिसाव्या शतकात तेच घडलं. बगदादहून आलेले ससून आणि त्यांच्याबरोबरचे व्यापारी सुरुवातीला बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करत. मुंबईतलं ते पहिलं सिनेगॉग, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत. पुढं बगदादी वेगळे झाले, १८३६ मध्ये त्यांनी दफनभूमीत मध्ये भिंत घालून मागितली. बेने इस्राएलांशी सोयरिक करावी का, असे प्रश्न बगदादला, जेरुसलेमला जाऊ लागले. लिहिणारे बगदादी, वाचणारे बगदादी. १९६२ मध्ये इस्रायलचे सेफार्दी (स्पेन आणि मध्यपूर्वेच्या परंपरेतल्या ज्यूंचे) मुख्य रब्बी होते यित्झाक निस्सीम, जन्मानं बगदादचेच. मी त्यांच्यावर दुष्टपणाचा आरोप करत नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये त्यांच्याच संस्थेनं बेने इस्राएल ज्यूच आहेत, त्यांच्याशी विवाह करता येतो, असं जाहीर केलं होतं. पण चार महिन्यांनी अंमलबजावणीच्या सूचना निघाल्या तेव्हा त्यांत शंभर-सव्वाशे वर्षं कानावर पडत आलेल्या शंका उतरल्या. प्रश्न पूर्वी ज्यांनी लिहिले होते, त्यांच्याच नजरेनं उत्तर लिहिलं गेलं.

आता त्या शंकांकडे जवळून पाहा. मुख्य शंका दोन. घटस्फोटपत्राचा विधी यांना माहीत नसेल, तर पूर्वी कुणी तरी त्याशिवाय पुनर्विवाह केला असेल आणि त्या संबंधातली संतती धर्मशास्त्राप्रमाणे लग्नाला अपात्र ठरत असेल. दुसरं, मुलाविना मेलेल्या नवऱ्याच्या भावाकडून विधवेला मुक्त करण्याचा विधी यांच्यात होत नसेल, तर अशा विधवांची लग्नं सदोष. कागदावर तर्क बिनचूक आहे. पण कोकणातल्या घरात डोकावलं असतं तर? आजूबाजूच्या पांढरपेशा हिंदूंसारखीच बेने इस्राएलांमध्येही विधवेनं पुन्हा लग्न न करण्याची चाल दीर्घकाळ होती. गोमांसही ते खात नसत. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या समाजाच्या इतिहासात हे सगळं नोंदवलेलं आहे. हे पुस्तक १९३७ मध्ये तेल अवीवमध्येच छापलं गेलं, म्हणजे रब्बीसंस्थेच्या दाराशीच होतं. जिथं विधवा पुन्हा लग्नाला उभीच राहत नव्हती, तिथं तिच्या दुसऱ्या लग्नाच्या दोषाची भीती किती बाळगायची? ती चाल बायकांवर अन्याय करणारी होती, यात शंका नाही. पण तिच्यामुळेच रब्बींची शंका बरीचशी निकालात निघत होती, आणि हे सांगायला एखादी अलिबागची म्हातारी पुरेशी होती. तिला कुणी विचारलं नाही.

मराठी वाचकाला हे अनोळखी नाही. संन्याशाची पोरं म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताईला शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, ही कथा आपल्याला लहानपणापासून सांगितली जाते. आईबापांनी केलेल्या गोष्टीचा जाब लेकरांना विचारायचा, आणि विचारणाऱ्यांनी उंचावर बसायचं. आपण ती कथा ऐकताना पोरांच्या बाजूनं असतो. बेने इस्राएलांच्या बाजूनं उभं राहायला मला तेवढं एक कारणही पुरलं असतं.

त्यांनी स्वतः मात्र कुणाची वाट पाहिली नाही. इस्रायलमध्ये आणि मुंबईत निषेध झाले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकापोरांसह धरणं धरलं गेलं. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेची खास बैठक झाली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल बोलले, आणि बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, रब्बीसंस्थेनं भेदाची भावना निर्माण करणारी कारणं दूर करावीत, असा ठराव झाला. महिनाअखेर सूचनापत्र बदललं. ‘बेने इस्राएल’ हा उल्लेख गळाला आणि ज्या कुणाच्या कुळाबद्दल शंका असेल त्या कुणाचीही चौकशी, असा मजकूर आला. मला हा विजय अर्धा वाटतो. नाव गेलं, चौकशीचा अधिकार राहिला. पण त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच प्रश्न ज्यांचा होता ते लोक स्वतः दाराशी उभे राहिले, आणि उत्तर हललं. जी गोष्ट पत्रव्यवहाराला शतकभर जमली नाही, ती धरण्यानं दोन वर्षांत केली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. विवाह आणि वंश हे एका गावाचे प्रश्न नाहीत. साऱ्या ज्यू जगाला एकमेकांत लग्नं करायची असतील तर नियम एकच हवा, आणि तो कुणाच्या भावनांप्रमाणे वाकवता येत नाही. उद्या प्रत्येक समाजानं आपापलं ठरवलं तर दोन पिढ्यांत एका ज्यूला दुसऱ्याच्या घरी लग्न करता येणार नाही. या भीतीत तथ्य आहे, आणि विखुरलेल्या लोकांना एकत्र ठेवणारं दुसरं काही नव्हतं हेही खरं. पण नियम एक ठेवणं आणि माणसाला न ऐकता नियम लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खुद्द तल्मूद वंशाच्या बाबतीत थांबायला सांगतो. जे घराणं मिसळून गेलं ते गेलं, आता उकरू नका, असा तिथं स्पष्ट दंडक आहे. आणि तल्मूदचा गाभा असलेल्या मिश्नामध्ये तर एलियाहू संदेष्ट्याबद्दलच हा वाद आहे. तो येईल तेव्हा घराण्यांची शुद्धाशुद्धता तपासायला येईल का? एक मत म्हणतं की जबरदस्तीनं दूर लोटलेल्यांना जवळ करायला आणि जबरदस्तीनं घुसवलेल्यांना दूर करायला तो येईल. शेवटी ऋषिमंडळींचं मत येतं: तो ना कुणाला दूर करायला येईल ना जवळ, जगात शांती नांदवायला येईल.

हा एलियाहू म्हणजे बेने इस्राएलांचा एलियाहू हन्नाबी. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. लग्न ठरलं, मूल झालं, नवस फेडायचा असला की घरात मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खोवलेलं ओलं नारळ, साखर, वेलची, वर सुका मेवा, बाजूला फळं, मधोमध गुलाबाचं फूल. तबकाभोवती बसून हिब्रूतून एलियाहूची गाणी म्हणतात. ज्या संदेष्ट्याच्या नावानं कुळं तपासू नका असं परंपरेनं सांगितलं, त्याचंच नाव प्रत्येक मंगल कार्यात घेणाऱ्या माणसांची कुळं तपासली गेली. रब्बींनी जर एखाद्या मलिद्याला बसून पाहिलं असतं, तर सूचनापत्र लिहिताना त्यांचा हात थांबला असता, असं मला वाटतं.

समोर बसून दिलेलं उत्तर कसं असतं, याचं टोकाचं उदाहरण लिथुआनियातल्या कोव्नो घेट्टोत आहे. नाझी वेठबिगारीला नेत असताना रब्बी एफ्राइम ओश्री यांना विचारलं गेलं की ‘मला दास केलं नाहीस’ म्हणून सकाळी देवाचे आभार मानायचे, ते आता कोणत्या तोंडानं मानायचे? ओश्री स्वतः त्याच घेट्टोत कैदी होते. त्यांनी सांगितलं, म्हणायचंच, आता तर जास्त, म्हणजे आपण मनानं मोकळे आहोत हे शत्रूलाही कळेल. त्यांनी प्रश्न आणि उत्तरं सिमेंटच्या पिशव्यांच्या कपट्यांवर टिपून, डब्यात घालून जमिनीत पुरली आणि युद्धानंतर बाहेर काढली. हेच वाक्य कुणी सुरक्षित शहरातून लिहून पाठवलं असतं, तर ते क्रूर झालं असतं.

बायकांचे प्रश्न हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ऋतुकाळ आणि शुद्धिस्नानाचे नियम बायकांनी पाळायचे, पण प्रश्न नवऱ्यामार्फत रब्बीला विचारायचा, ही पद्धत शतकानुशतकं चालली. लाजेनं किती प्रश्न न विचारताच राहिले असतील. जेरुसलेमच्या निश्मत या संस्थेनं गेल्या शतकाच्या अखेरीस या विषयात बायकांनाच सल्लागार म्हणून तयार केलं. शास्त्र तेच, ग्रंथ तेच, फक्त ऐकणारी बाई. ही सुधारणा मला फार मोठी वाटते. मुंबईत तर याच्या कितीतरी आधी डॉ. जेरुशा झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आपला प्रश्न स्वतः हाती घेतला होता. लंडनमध्ये लिली माँटॅग्यू यांच्या उदारमतवादी पंथाशी त्यांचा परिचय झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्यू रिलिजस युनियन सुरू केली. सनातनी मंडळींना ते रुचलं नाही. पण कुणी परवानगी देईल म्हणून त्या थांबून राहिल्या नाहीत.

आज भारतात सगळे मिळून चार-पाच हजार ज्यू उरलेत, बहुतेक मुंबई-ठाणे परिसरात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. या समाजानं आपला कारभार रब्बीविना चालवला आहे. काजी, मुकादम, चौगुला आणि प्रार्थना चालवणारा हज्जान यांच्या हातून लग्नं लागली, मयती झाल्या, तंटे सुटले. बाहेरून आलेल्या रब्बींपैकी गॅब्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का मुंबईत येऊन राहिले, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाउसमध्ये मारले गेले. येऊन राहणं म्हणजे काय, हे या शहरानं पाहिलं आहे.

अवघड प्रश्न थांबलेले नाहीत. समजा, एका घरात वडील बेने इस्राएल, आई नाही. मुलगी लहानपणापासून सिनेगॉगला येते, सिम्हात तोराच्या सणाला नाचते, योम किप्पूरचा उपास धरते. आता तिला समाजातच लग्न करायचं आहे. विश्वस्तांपैकी कुणी तरी ओळखीच्या रब्बीला इस्रायलला फोन लावतो. ‘आई ज्यू नाही’ एवढं एक वाक्य इकडून जातं, ‘मग नाही’ एवढं तिकडून येतं. शास्त्राप्रमाणे तिला धर्मदीक्षेचा मार्ग लागेल, कदाचित लांबचा आणि खर्चाचा. तो मार्ग चुकवा असं मी म्हणत नाही. पण ते एक वाक्य तिचा प्रश्न नव्हे. तिचा प्रश्न ओबद्याच्या प्रश्नासारखा लांब आहे, आणि तो तिच्याशिवाय कुणालाच नीट मांडता येणार नाही.

म्हणून ठाण्या-मुंबईच्या, पुण्याच्या आणि अलिबागच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की बाहेर जाणारा प्रत्येक प्रश्न लेखी करा, मराठीत करा, आणि ज्याचा आहे त्याच्याकडूनच लिहून घ्या. उत्तर कारणांसह लेखी मागा. फोन लावायचा असेल तर ती मुलगी आणि तिची आई त्या खोलीत असू द्या, आणि पहिल्यांदा बोलू द्या त्यांनाच. आपल्या चालीरीतींची नोंद, लग्नाच्या वह्यांसकट, जपून ठेवा. आईकडची नावं तर आजच म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. उत्तर देणारे रब्बी जर म्हणाले की एवढं ऐकायला वेळ नाही, तर दुसरे रब्बी शोधा.